चाळणीआधीचा आकडा

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर निलोफर मुजावर यांनी टेबलावरचा संगणकाचा पडदा ईश्वरीच्या बाजूला वळवला. "दोनच आकडे आहेत," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस आणि सहासष्ट. निवड तुम्हाला करायची आहे, आणि वेळ थोडा आहे."

वेळ थोडा आहे हे ईश्वरी मगदूमला वेगळं सांगायची गरज नव्हती. आठ दिवसांपूर्वी तिच्या डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती आणि केमोथेरपी आजपासून एकोणिसाव्या दिवशी सुरू व्हायची होती. ते औषध वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं, त्यात आपली कोण नि परकी कोण बघत नाही. अंडाशयातली बीजंही त्यात होरपळतात. ईश्वरी एकतीस वर्षांची होती, लग्नाला दीड वर्ष झालेलं. पुढं कधी मूल हवं असेल, तर केमोच्या आधी काहीतरी काढून थंडीत ठेवणं एवढाच मार्ग होता. तोही एकदाच, दुसऱ्या खेपेपुरते दिवसच हातात नव्हते.

"थंडीचं मला कळतं," ती म्हणाली. तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची ती तांत्रिक प्रमुख होती. बारा खोल्यांचं तापमान तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. "ठेवायचं काय, ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. स्त्रीबीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, आणि तिच्यात पाणी फार. पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात, स्फटिकांना टोकं असतात, आणि बारीक तंतूंवर तोलून धरलेली आतली गुणसूत्रं त्यांनी विस्कटतात. म्हणून आधी पेशीतलं पाणी काढून घ्यायचं, त्याजागी संरक्षक द्रव भरायचा आणि तिला एकदम उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचं. मग बर्फ होतच नाही, काच होते. तंत्र आता चांगलं हाती बसलेलं, तरी काही बीजं वितळवताना दगा देतातच. एकच पेशी असते. ती गेली की सगळं गेलं. भ्रूणाचं तसं नाही. बीजाचा आणि शुक्राणूचा प्रयोगशाळेत मेळ घालून पाच दिवस वाढवलेला भ्रूण शंभरावर पेशींचा असतो. दोन-चार पेशी मेल्या तरी बाकीच्या निभावून नेतात.

"म्हणून भ्रूणाचा आकडा मोठा," शेजारी बसलेला सन्मती म्हणाला. हा ईश्वरीचा नवरा. द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन चालवायचा. इतका वेळ तो नुसता पडद्याकडं बघत होता.

आकडे बीजमान यंत्राचे होते. सन २०४३ मध्ये बीजमान म्हणजे काय हे माहीत नसलेलं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण होतं. अंडाशयातून रक्तात उतरणारे आरएनएचे बारीक तुकडे हे यंत्र वाचायचं, लाखो बायकांच्या नोंदींशी ताडून पाहायचं आणि मूल होण्याची शक्यता शेकडा किती ते सांगायचं. सुरुवातीला ते फक्त डॉक्टर बघत. मग लग्न जुळवणाऱ्या संस्थांनी ते अर्जात घातलं, आणि पत्रिका मागणारी माणसं कांदेपोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत मुलीचं बीजमान विचारू लागली. पुरुषांचाही आकडा काढता येत होता. पण तो विचारावा असं कुणाला सुचलं नव्हतं, आणि न सुचण्यात आपले लोक पहिल्यापासून हुशार.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "बीज फक्त तुमचं. भ्रूण दोघांचा. तो वितळवताना दोघांची संमती लागते, आणि दोघांतलं एक माणूस गेलं तर मागे राहिलेल्याचा हक्क."

"थोडी बीजं आणि थोडे भ्रूण ठेवले तर?" ईश्वरीनं विचारलं.

"मिळाली तर नऊ-दहा बीजं मिळतील. निम्मी केली की दोन्हीकडे तोकडी पडतात. आणि भ्रूण करायचे तर बीजं काढल्या दिवशीच ताजा मेळ घालायचा. आजपासून तेराव्या दिवशी मला उत्तर हवं."

घरी पोचेपर्यंत सन्मतीचं ठरलेलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत, त्यामुळं पानं मांडलेलीच होती. ईश्वरीची सासू पद्मावतीबाई वाढत होत्या. त्या भागातल्या रीतीनं ईश्वरी त्यांना आत्ती म्हणायची. त्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आत्ती कानांवर हात ठेवत, त्यामुळं डॉक्टरांचा 'बीज' हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा झाला होता.

"सहासष्ट टाकून एक्केचाळीस कोण घेतंय?" सन्मती म्हणाला. "यात विचार कसला करायचा?"

ईश्वरीलाही तसंच वाटत होतं. आजाराच्या धक्क्यातून ती अजून पुरती सावरली नव्हती आणि मोठा आकडा धरून चालणं सोपं होतं. तिनं मान डोलावली.

तेवढं आत्तींना पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या आणि चातुर्मासासाठी गावात असलेल्या महाराजांसमोर त्यांनी नियम घेतला: नातवंड मांडीवर येईपर्यंत दूध, दही, तूप वर्ज्य. महाराजांसमोर घेतलेला नियम मोडत नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"पुढल्या दिवाळीपातूर येईल की बाळ," त्या म्हणाल्या. "वरीसभर तूप न्हाई खाल्लं म्हणून काय वाळून जात न्हाई मी."

ईश्वरी पुढं झाली. "आत्ती, दिवाळीला नाही. केमो, मग ऑपरेशन, मग गाठ परत येऊ नये म्हणून गोळ्या. निदान पाच वर्षं तरी मूल होऊ द्यायचं नाही."

आत्तींनी परात पुढं ओढून पिठात पाणी घातलं. गोठवणं म्हणजे थांबणं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, मिरजेच्या डॉक्टरीणबाई आत्ताच गर्भ करणार, म्हणजे नऊ महिन्यांत काम झालं.

"घेतला त्यो घेतला," शेवटी त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी ईश्वरी बीजं पिकवायचं इंजेक्शन पोटात टोचून घ्यायची, आणि स्वयंपाकघरात साठ वर्षांची बाई बिनदुधाचा काळा चहा घशाखाली उतरवताना दिसायची. दुखायचं इंजेक्शनापेक्षा ते बघणं जास्त.

इंजेक्शनाच्या सहाव्या दिवशी ईश्वरी कामावर होती. पोट फुगल्यासारखं झालं होतं, तरी घरी बसून चहाचा तो कप बघण्यापेक्षा बारा खोल्यांतून फिरणं बरं. सौद्याचा दिवस होता. मणेराजुरीचे एक बागायतदार हातात बेदाण्याची दोन ताटं घेऊन तिच्यापुढं आले.

"मॅडम, हा माझा माल, हा शेजाऱ्याचा. एकाच पाण्यावरची बाग, एकच शेड. त्याला असला चढा भाव नि मला हा? तुमच्या खोलीत काय तरी बिघडलंय."

ईश्वरीनं दोन्ही ताटं खिडकीपाशी धरली. "दादा, त्यांचा माल चाळून, प्रतवारी करून आणलाय. तुमचा तसाच आहे, काड्यांसकट. चाळलेला नि न चाळलेला शेजारी ठेवून बघताय होय? त्यांचा चाळणीखाली किती पडला, ते विचारलंत का?"

बोलता बोलता ती थांबली. बागायतदार पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. ईश्वरीनं ताटं त्यांच्या हातात दिली, यंत्रांच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, सहासष्ट कशाचे? पाचव्या दिवसापर्यंत टिकलेल्या भ्रूणांचे ना?"

"हो."

"आणि जे टिकणार नाहीत त्यांचं काय?"

"ते त्यात धरलेले नसतात."

"आणि एक्केचाळीस?"

"ते अगदी पहिल्यापासून. वितळवताना काही जातील, काहींचा मेळ जमणार नाही, काही पाच दिवस टिकणार नाहीत, हे सगळं वजा करून."

"म्हणजे एक चाळणीनंतरचा आणि एक चाळणीआधीचा. दोन्ही नऊ बीजांपासून मोजून सांगा."

पलीकडून कळफलकावरच्या बोटांचा आवाज येत राहिला. नऊ बीजं काढली तर सहा-सातांचा मेळ जमेल, डॉक्टर पुटपुटत होत्या. पाचव्या दिवशी त्यांतले तीनच उरतील. तीनही न उरण्याची शक्यता इतकी.

"सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "भ्रूण ठेवले तर सत्तेचाळीस, बीजं ठेवली तर एक्केचाळीस. यंत्रवाल्या कंपनीनं पडद्यावर आकडे तसे मांडलेत, पण फोड करून सांगायचं काम माझं होतं. चुकलं माझं."

"चूक कबूल करणारा डॉक्टर मिळाला, हेही थोडं नाही," ईश्वरी म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

दुपारी सन्मती तिचा डबा घेऊन आला. कोल्ड स्टोरेजच्या मागच्या ओट्यावर दोघं बसली. तिनं चाळणीचा सगळा किस्सा सांगितला. पंचवीस गुणांचा फरक सहावर आला, हे ऐकून त्याला हायसं वाटेल असा तिचा अंदाज होता. म्हणजे निवडायला मोकळीक आहे. नीट विचार करता येईल.

सन्मतीनं मान वर केली नाही. "सहा असू दे नाहीतर एक असू दे. भ्रूणच ठेवायचे."

"का?"

"सहा जास्तच आहेत की."

"सन्मती, मी 'का' असं विचारायलेय."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "तुला काय झालं तर..." एवढं बोलून तो अडला. मग एका दमात सगळं बोलून टाकलं. "बीजं नुसती तुझी. तुला काय झालं तर ती पण नष्ट करतात, मी वाचलंय. भ्रूण असला तर माझा हक्क राहतोय. कोण तरी सरोगेट बघता येईल. तुझं काय तरी राहील माझ्याकडं. आई पण तेच म्हणाली, तेवढं तरी राहील म्हणाली."

ईश्वरीला राग आला. असा राग तिला आजाराचं निदान झालं तेव्हाही आला नव्हता. ती इतके दिवस मुलाची शक्यता मोजत होती, आणि घरातली ही दोन माणसं तिच्या मरणाची मोजत होती. त्यात माया होती, हे तिला दिसत होतं. ते दिसत होतं म्हणून तर राग आणखीच वाढला. परक्यानं म्हटलं असतं तर एका शब्दात झटकून टाकता आलं असतं.

"माझ्या माघारी काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवून ठेवलंत," ती म्हणाली. "माझी गाठ दुसऱ्या टप्प्यातली आहे. माझ्यासारख्या दहातल्या आठ-नऊ बायका बऱ्या होतात. तू राहिलेल्या एकीची तयारी करायलास."

"भीती वाटतीय मला."

"मलाही वाटते. रोज सकाळी सुई हातात घेताना वाटते. पण ही सुई मी मरणार म्हणून टोचून घेत नाही, जगणार म्हणून टोचून घेते. माझ्यामागं मूल व्हावं यासाठी नव्हे. मला आई व्हायचंय. त्यासाठी मी असायला पाहिजे."

"आणि मग माझ्याकडं काय राहील?"

"मी राहीन. मला धरून ठेव."

सन्मतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माणूस रडता रडताही हट्ट सोडत नाही. "म्हणजे माझ्यावर विश्वास न्हाई तुझा," तो म्हणाला.

"आहे. म्हणूनच सांगते, पाच वर्षांनी तुला विचारीन. तेव्हा हवं असलं तर हो म्हण. आज भीतीच्या पोटी म्हटलेलं 'हो' गोठवून ठेवायचं नाही मला. सहा गुण गेले तर गेले."

त्यानंतर तीन दिवस सन्मती तिच्याशी कामापुरतंच बोलला. सुई मात्र रोज सकाळी फ्रिजमधून तोच काढून द्यायचा.

आत्तींना सांगणं ईश्वरीला सगळ्यात जड गेलं. सन्मतीशी भांडता येत होतं. काळा चहा पिणाऱ्या बाईशी कसं भांडणार? बाराव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्याच बोलली. बीजंच ठेवायचं ठरवलंय. त्यात मूल होण्याची शक्यता थोडी कमी आहे. आणि आपल्याला काही झालं, तर नातवंड कधीच येणार नाही. तुमचा नियम जन्मभराचा होऊन बसेल. हे सगळं तिनं सांगितलं, काही लपवलं नाही.

आत्तींनी गॅस बंद केला. "बस हितं," त्या म्हणाल्या. ईश्वरी पाटावर बसली.

"गर्भ केलं असतं, तर त्यातलं उरलेलं काय करत्यात गं?"

"वापरले नाहीत तर मुदत संपल्यावर नष्ट करतात."

"जीवच की त्यो. हे मी सन्मतीला इचारलं न्हाई, का तर उत्तर माहीत हुतं मला. नातवंडाच्या हावंपायी गप बसले." त्यांनी पदराला हात पुसले. "आणि तुझं काय तरी राहील, असं मीच म्हटलं त्याला. जित्या सुनंबद्दल असं बोलू नये. माझी जीभ झडली न्हाई, ते नशीब."

"आत्ती, पण तुमचा नियम..."

"माझा नियम माझ्या जिभंला हाय. तुझ्या पोटाला कशाला लावून घेतीस? तूप खाल्लं न्हाई म्हणून कोण मरत न्हाई. तू औषध घे, नीट जेव आणि जग. बाकीचं माझं मी बघते."

ईश्वरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडली. निदान झाल्यापासून साठलेलं होतं ते सगळं. आत्तींनी तिला रडू दिलं आणि मग पोळ्या लाटायला बसवलं.

तेराव्या दिवशी मिरजेत बीजं काढली. अकरा निघाली, त्यातली नऊ पक्व होती. भूल उतरल्यावर डॉक्टर मुजावर तिच्या खाटेपाशी आल्या आणि नियमाप्रमाणं त्यांनी शेवटचं विचारलं. सन्मती भिंतीला टेकून उभा होता. ईश्वरीनं भ्रूणांना होकार दिला असता तर मेळ घालायला प्रयोगशाळा तयार होती.

"बीजं," ईश्वरी म्हणाली. सन्मतीची सही कुठंच लागणार नव्हती, त्यामुळं त्याला करायला काही कामच नव्हतं. तो खाली जाऊन गाडीत बसला.

साठवणीच्या खिडकीवर आवटीबाई नावाच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज पुढं ठेवला आणि एक नियम मोठ्यानं वाचून दाखवला; तो वाचून दाखवायचं कायद्यातच होतं. गोठवलेल्या बीजाला वारस नाही. धारक स्त्रीनं दरवर्षी नोव्हेंबरात स्वतः येऊन हयातीचा दाखला द्यायचा. महिना उलटला आणि ती आली नाही, तर बीजं नष्ट.

"पेन्शनवाल्यांसारखं," ईश्वरी म्हणाली.

"तसंच. पण पेन्शनवाल्यांना घरबसल्या चालतं. इथं प्रत्यक्षच यायला लागतंय. फोनवर, पडद्यावर चालत नाही. आजारी असलात तरी." आवटीबाईंनी तिच्या हाताला अजून चिकटलेल्या पट्टीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बऱ्याच जणी हे ऐकून परत विचार करतात. कराल?"

"नाही," ईश्वरी म्हणाली आणि सही केली. सहा दिवसांनी केमो सुरू झाली.

पहिल्या नोव्हेंबरात ती आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते, भुवयाही नव्हत्या. यंत्रानं चेहरा ओळखला नाही, म्हणून डोळे आणि अंगठा दोनदा घ्यावा लागला. दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झालेला डावा हात वर जात नव्हता, तिनं उजव्यानं काम भागवलं. तिसऱ्या वर्षी तपासणीत फुप्फुसावर एक ठिपका दिसला होता. तो कसला आहे हे कळायला अजून दहा दिवस होते. त्या दहा दिवसांतच तीस तारीख येत होती. तेव्हा सन्मती म्हणाला, "निकाल आल्यावर बघू." ती म्हणाली, "निकाल काही येऊ दे. आज मी आहे." आणि निघाली. ठिपका जुन्या न्युमोनियाचा निघाला, पण ते तिला दाखला देऊन आल्यावर कळलं.

सन्मती दरवर्षी गाडी चालवत न्यायचा आणि खालीच थांबायचा. "तुझं आहे ते, तू जाऊन ये," म्हणायचा. पहिल्या वर्षी त्या बोलण्यात रुसवा होता. पुढं तो कमी होत गेला. कधी संपला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. केमोच्या दिवसांत तिची ओकारीची भांडी त्यानंच धुतली, रात्री-अपरात्री तिचे पाय त्यानंच चेपले, आणि त्या सगळ्यात धरून ठेवायचं म्हणजे काय करायचं हे त्याला शिकवायची गरज पडली नाही.

पाच वर्षं पुरी झाली. कर्करोगाच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि आता हरकत नाही म्हणून लिहून दिलं. ईश्वरीनं ठरल्याप्रमाणं सन्मतीला विचारलं. नऊ बीजं आहेत, सगळी तरतीलच असं नाही, मी आता छत्तीसची आहे, आजार परत येणार नाही असं कुणी लिहून देत नाही. हे सगळं धरून तुला मूल हवंय का? नको असलं तर नको म्हण, मी रागावणार नाही.

त्यानं विचार करायला दोन आठवडे घेतले. ते दोन आठवडे ईश्वरीला पाच वर्षांपेक्षा लांब वाटले. तो नाही म्हणाला असता, तर ती एकटीच पुढं जाणार होती. तसं तिनं त्याला सांगितलं होतं, त्यामुळं त्याच्या होकारावर सगळं टांगलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला तो होकार हवा होता. एका सकाळी द्राक्षबागेवर निघताना तो दारातून परत फिरला. "विचार केला," तो म्हणाला. "भीती अजून आहे. पण हवंय मला. तुझ्याबरोबर हवंय."

नोव्हेंबरात दोघं मिरजेला गेली. या वेळी सन्मतीनं गाडी सावलीत लावली, किल्ली काढली आणि तिच्याबरोबर जिना चढून वर आला.

आवटीबाई अजून त्याच खिडकीवर होत्या. ईश्वरीला बघून त्या हसल्या आणि सवयीनं हयातीच्या दाखल्याचा अर्ज काढून त्यांनी पुढं सरकवला.

ईश्वरीनं तो तसाच परत केला.

"या खेपेला दाखला नको, बाई," ती म्हणाली. "न्यायला आलेय."